अर्ध्यावरची पाहणी

३ सप्टेंबर, सोमवार

संयोजिकाबाईंनी आज प्रत्येकाच्या हातात एक डायरी ठेवली आणि म्हणाल्या, "रोज नाही तरी अधूनमधून लिहा. आम्ही मागणार नाही, कुणी वाचणार नाही." जे कुणी वाचणार नाही ते लिहायची मला सवय नाही. वीस वर्षं वर्तमानपत्रात विज्ञानाचं पान सांभाळतोय. पण बाई आग्रही आहेत, आणि डायरीचा कागद चांगला आहे.

तर घाट असा घातलाय: शास्त्रज्ञ आणि पत्रकार यांच्यातला संवाद सुधारायचा. एकीकडे आमचं वर्तमानपत्र, दुसरीकडे बायकोची संशोधन संस्था. दर सोमवारी संस्थेच्या ग्रंथालयात बैठक, आणि मधल्या दिवसांत प्रत्येक पत्रकाराने आपल्या वाट्याच्या शास्त्रज्ञामागे हिंडायचं. आमच्या संपादकांना वाटलं की विज्ञान फक्त विज्ञानाच्या पानावर का अडकून पडावं, म्हणून त्यांनी गुन्हेगारीवाला, बाजारभाववाली, खेळाच्या पानावरचा, अशी सगळी वरात पाठवली. मला कुणाशी संवाद सुधारायचाय ते मला कळलेलं नाही. माझा तर घरातच शास्त्रज्ञाशी संसार आहे.

जोड्या चिठ्ठ्या टाकून पाडल्या. नवरा-बायको एका जोडीत नको, हा नियम खास आमच्यासाठी केला होता आणि सगळे हसले. मीही हसलो. मला गोगलगायींचा अभ्यास करणारे एक गृहस्थ मिळाले. बायकोच्या नावाची चिठ्ठी खेळाच्या पानावरच्या माणसाने उचलली. त्याला ऑफिसात सगळे 'पंच' म्हणतात, कारण कुठलाही वाद सुरू झाला की तो दोन्ही बाजूंचं ऐकत बसतो आणि निकाल काही देत नाही. चाळिशीचा, ढगळ शर्ट, आवाज मैदानावर कमावलेला. चिठ्ठी वाचून तो सरळ बायकोपुढे जाऊन म्हणाला, "डॉक्टर, आधीच सांगतो, मला यातलं ओ की ठो कळत नाही."

बायको म्हणाली, "मग बरं झालं."

यात बरं काय झालं ते मी घरी येताना विचारणार होतो. विसरलो.

६ सप्टेंबर, गुरुवार

गोगलगायवाल्यांकडे गेलो. खोली थंड, काचेच्या पेट्या, ओल्या पानांचा वास. बाईंनी आम्हाला एक कसरत दिली आहे: शास्त्रज्ञ बोलेल, पत्रकाराने ऐकायचं, मग तेच आपल्या शब्दांत त्याला परत सांगायचं. शास्त्रज्ञ 'हो, हेच' म्हणेपर्यंत पुन्हा पुन्हा. बालवाडीतला खेळ आहे.

गृहस्थ शंखाच्या वळणांबद्दल दहा मिनिटं बोलले, तेही अडखळत. मी ते एका झटक्यात परत सांगितलं, आणि स्वतःचंच कौतुक करतो असं नाही, पण सुरेख सांगितलं. सुरुवात, मध्य, शेवट, सगळं जिथल्या तिथे. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "छान आहे. पण मी हे म्हटलं नव्हतं."

काही लोकांना आपल्याच कामातलं सौंदर्य दाखवून दिलं तरी दिसत नाही. मी उठलो.

१० सप्टेंबर, सोमवार

आजच्या बैठकीत जोड्यांनी सर्वांसमोर कसरत करून दाखवली. बायको आणि पंच तिसरे.

तिचा अभ्यास मला तोंडपाठ आहे. रक्तदाबाची एक जुनी गोळी. सत्तरीपुढच्या माणसांना ती पूर्ण लागते की अर्ध्या ताकदीची पुरते, हे शोधायचं. काहींना पूर्ण देतात, काहींना अर्धी, पाकिटं आणि गोळ्या दिसायला अगदी सारख्या. कुणाला कुठली हे घेणाऱ्यालाही ठाऊक नाही आणि बायकोलाही नाही. चार वर्षं चाललंय. अशा चिठ्ठ्या टाकल्यासारख्या वाटपाला मी माझ्या लेखांत 'यादृच्छिक विभागणी' म्हणत आलोय.

पंचाने पहिल्यांदा सांगितलं ते चुकलं. बायको म्हणाली, "नाही." दुसऱ्यांदाही चुकलं. मला वाटलं आता हा लाजून खाली बसेल. पण तो पठ्ठ्या डोकं खाजवत म्हणाला, "मला कळलं नाही, डॉक्टर. परत सांगा." भर सभेत. मला त्याच्यासाठी शरम वाटली. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "म्हणजे नाणेफेक झालीय, पण छापा की काटा ते अजून कुणी पाहिलेलंच नाही. खेळ संपेपर्यंत बघायचंही नाही. बघितलं की खेळ बाद."

बायकोने दोन्ही हात टेबलावर आपटले. "हो. हेच."

ती हसली तेव्हा तिचा खालचा दात दिसला, तो जरासा आडवा आलाय. तो दात दिसेल इतकं ती आमच्या घरात कधी हसली, ते मला आठवेना. बाकी उपमा बाळबोध होती.

१२ सप्टेंबर, बुधवार

जेवताना बायको म्हणाली, "आज केंद्रावर एक गंमत झाली. एक आजोबा गोळ्यांचं पाकीट घेऊन आले आणि म्हणाले की..."

"की त्यांना पूर्ण गोळीच मिळतेय, याची त्यांना खात्री आहे," मी म्हणालो. हे नेहमी होतं. औषधाच्या प्रत्येक अभ्यासात असा एक माणूस असतोच. मग मी तिला त्यावरचं एक जुनं प्रकरण सांगितलं, परदेशातलं, फार मजेदार.

ती म्हणाली, "असू दे." आणि वाटी उचलून आत गेली.

थोड्या वेळाने तिचा फोन वाजला. पंच. ती बाल्कनीत जाऊन बोलली. आजोबांची गंमत तिने त्याला सांगितली असावी, कारण त्याचं हसणं फोनमधून इकडे खुर्चीपर्यंत ऐकू आलं. आजोबा खरंच तसंच म्हणाले का, ते विचारायचं राहूनच गेलं.

१५ सप्टेंबर, शनिवार

तिला आणायच्या निमित्ताने केंद्रावर गेलो. निमित्त म्हणजे पाऊस येईल असं वाटत होतं. आला नाही.

केंद्र म्हणजे एका जुन्या दवाखान्याचा तळमजला. भिंतीला लागून बाकं, बाकांवर म्हातारी माणसं, दंडाला पट्टे बांधून घ्यायला बाह्या वर सारून बसलेली. आणि त्यांच्यामध्ये पंच, त्याचीही बाही वर. का, तर म्हणे नुसतं बघून काय कळणार. एका शिंपीमामांशी बोलत होता. त्यांनी त्याच्या शर्टाची शिवण उलटी करून बघितली आणि नापास केली. एक बाई, पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, त्याला म्हणाल्या, "तुम्ही रोज येता का हो? त्या विज्ञानाच्या पानावरचे काही येत नाहीत." मी मागे दाराशी उभा होतो.

बायको बाहेर आली. पंच म्हणाला, "ताई, तुमचे मिस्टर आलेत."

ताई. डॉक्टरवरून ताईवर यायला त्याला दोन आठवडे पुरले. लेकीला फोनवर हे सांगितलं. ती शिकायला दूर असते, वसतिगृहात. ती म्हणाली, "बाबा, ताई म्हणतोय ना, मग तुम्हाला काय झालं?"

"मला काही झालेलं नाही. हा व्यवसायाच्या शिस्तीचा प्रश्न आहे."

"बाबा, तुम्ही जळताय."

मुलांना आपण फार मोकळीक दिली.

१७ सप्टेंबर, सोमवार

बैठकीला गेलो नाही. गोगलगायवाल्यांनी निरोप पाठवला की त्यांना माझी वाट पाहायला हरकत नाही, त्यांना सवय आहे. हा विनोद असेल तर मला कळला.

खरं तर मला झोंबतंय ते वेगळंच. लग्न झालं तेव्हा आम्ही ठरवलं होतं की जेवणाच्या टेबलावरचं छापायचं नाही. तिच्या कामाबद्दल मी एक ओळ लिहिली नाही. लोक म्हणत, घरात विहीर असून तू नळावर रांग लावतोस. मी म्हणे, आमच्यात विश्वास आहे. आणि आता हा खेळाच्या पानावरचा त्या विहिरीत सरळ बादली सोडतोय, आणि दोर तिने स्वतः त्याच्या हातात दिलाय.

१९ सप्टेंबर, बुधवार

ती बाल्कनीत फोनवर होती. दार उघडं होतं. मी पेपर वाचत होतो, कान काही बंद करता येत नाहीत.

ती म्हणत होती, "हो, अर्ध्यावरची पाहणी झाली. बाहेरची समिती करते. पाकिटं त्यांनाच उघडता येतात. नाही, थांबवा म्हणाले नाहीत. चालू ठेवा म्हणाले." मग बराच वेळ तो बोलत होता आणि ती नुसतं "नाही", "नाही, परत सांगा", "आता जवळ आलात" असं करत होती. मी पान उलटलं, त्यामुळे पुढचं नीट ऐकू आलं नाही.

मला पुढचं ऐकायची गरजही नव्हती. समितीने पाकिटं उघडून पाहिली. अर्ध्या गोळीवरची माणसं धोक्यात असती तर त्यांनी त्याच क्षणी थांबवलं असतं. थांबवलं नाही, म्हणजे अर्धी गोळी चालते. एवढं समजायला तीन तीनदा परत सांगावं लागत नाही. त्यासाठी डोकं लागतं आणि थोडा अनुभव.

चार वर्षांच्या कामाचा निकाल, आणि तो तिने फोनवर कुणाला सांगितला, तर पंचाला.

२० सप्टेंबर, गुरुवार

ऑफिसात रविवारच्या पुरवणीचा आराखडा भिंतीवर लागलाय. पहिलं पान: 'गोळी आणि नाणेफेक', लेखक पंच. म्हणजे खेळाच्या पानावरचा माणूस माझ्या बायकोचा शोध माझ्या शहाऐंशी हजार वाचकांना सांगणार, आणि मी त्याच आठवड्यात गोगलगायींवर लिहिणार.

संपादकांकडे गेलो. म्हणालो, "एक मोठी बातमी आहे. उद्याच घ्या." त्यांनी विचारलं, "घरातली आहे का?" मी म्हणालो, "नाही. माझं स्वतःचं विश्लेषण आहे." आणि हे खरं आहे. टेबलावरचं काही नाही यात. बाल्कनीचं आमचं काही ठरलेलं नव्हतं.

लिहायला बसलो तेव्हा हात झरझर चालला. कितीतरी दिवसांनी असा चालला. तिच्या कामाबद्दल लिहिताना मला तिचा अभिमान वाटत होता. हे कुणी मानणार नाही.

२१ सप्टेंबर, शुक्रवार

पान एक, वरचा भाग. 'ज्येष्ठांना अर्धी गोळी पुरेशी? चार वर्षांच्या अभ्यासातून दिलासा.' प्रश्नचिन्ह मी स्वतः घातलं, सावधगिरी म्हणून.

बायकोने उभ्यानेच वाचलं. चहा हातात तसाच. मग म्हणाली, "समितीने पाकिटात काय पाहिलं ते तुला कुठून कळलं?"

"मी निष्कर्ष काढला."

"मला माहीत नाही त्यांनी काय पाहिलं. मी चार वर्षं हे करतेय आणि मला माहीत नाही. 'चालू ठेवा' एवढाच निरोप येतो. सगळं सारखं असलं तरी येतो, थोडं इकडेतिकडे असलं तरी येतो. काहीच ठरत नसलं तरीही तोच येतो."

मी म्हणालो, "मग तू आधी सांगायचंस."

तिने कप ठेवला, पर्स घेतली आणि गेली. आज तिचं केंद्र दुपारी असतं.

ऑफिसात मात्र सगळ्यांनी पाठ थोपटली. फोन सारखे वाजत होते. पंच आला आणि माझ्या टेबलापाशी उभा राहिला. मला वाटलं भांडेल. त्याने एवढंच विचारलं, "सर, ताईंना दाखवलं होतं का?" मी म्हणालो, पत्रकार छापण्याआधी कुणाला मजकूर दाखवत नसतो, हा या धंद्यातला पहिला धडा आहे. तो म्हणाला, "मजकूर नाही हो. समजलेलं."

खेळाच्या पानावर भाषेची बोंब असते ती अशी.

२४ सप्टेंबर, सोमवार

आता जसं झालं तसं लिहितो.

केंद्रातली माणसं पेपर वाचतात. म्हाताऱ्या माणसांशिवाय दुसरं कोण वाचतं. शनिवारी केंद्रावर आलेल्यांपैकी कितीतरी जणांनी शुक्रवारपासूनच गोळ्या मोडून अर्ध्या करून घेतल्या होत्या. 'पेपरात आलंय' म्हणून. आणि त्यातले बरेच आधीपासूनच अर्ध्या ताकदीवर असणार, कोण ते कुणालाच ठाऊक नाही, म्हणजे ते आता पाव गोळीवर होते. काहींनी साफ बंद केली. काही उलट चिडले की आमच्यावर अर्ध्या गोळीचा प्रयोग करता आणि पेपरवाल्यांना आधी सांगता, आणि पाकिटं बाकावर ठेवून निघून गेले.

बायको आणि तिच्या केंद्रातले सगळे सहकारी शनिवार-रविवार घरोघर फोन करत होते. पंचसुद्धा. रविवारच्या पुरवणीतला त्याचा लेख संपादकांनी काढला. मी तो आज संगणकावर उघडून वाचला. त्यात निकालाचा शब्द नाही. बाकं, पट्टे, शिंपीमामा, आणि ही माणसं आपल्याला काय मिळतंय हे माहीत नसताना चार वर्षं दर आठवड्याला का येतात, एवढंच. शेवटी एक ओळ: 'नाणं अजून हवेत आहे, आणि ते तिथेच राहू देणं हे यांचं काम.'

मी ज्याच्या आधी पोचायला धावलो ते तिथे नव्हतंच.

बायको लेकीच्या खोलीत झोपते. म्हणाली, सकाळी लवकर फोन सुरू होतात, तुझी झोप मोडेल. माझी झोप मोडण्यासारखी राहिलेली नाही, हे मी बोललो नाही.

२७ सप्टेंबर, गुरुवार

शिंपीमामा दवाखान्यात आहेत. मंगळवारी सकाळी कात्री हातातून गळाली. उजवा हात उचलत नाही, बोलणं जरा जड झालंय. त्यांनी गोळी बंद केली होती.

बायको म्हणाली, "त्यामुळेच झालं असं एका माणसावरून सांगता येत नाही. या वयात गोळी घेऊनही होतं."

मी म्हणालो, "म्हणजे माझ्यामुळे नाही."

"मी तसं म्हटलं नाही."

गोगलगायवाल्यांनीही हेच वाक्य ऐकवलं होतं. हिला मी हे विचारू शकलो असतो की मग तू काय म्हटलंस. पण ती दवाखान्यात निघाली होती आणि खाली पंच रिक्षा थांबवून उभा होता. मी खिडकीतून पाहिलं. तिच्या हातातली पिशवी त्याने घेतली. एवढ्या सगळ्यातही मला ती पिशवी दिसली.

१ ऑक्टोबर, सोमवार

खुलासा छापून आला. संपादकांनी तो मला लिहू दिला नाही. म्हणाले, "तू लिहिलास तर सुंदर होईल." लिहिला पंचाने. तो परवा बायकोसमोर बसून तासभर परत परत सांगत होता आणि ती मान हलवत होती, हे मी त्यांच्या ग्रंथालयाच्या काचेतून पाहिलं.

मी लाल पेन घेऊन बसलो. एक तरी शब्द काढता येईल असं वाटलं. सापडला नाही. साधी साधी वाक्यं: काय झालं, काय झालेलं नाही, काय अजून कुणालाच माहीत नाही, गोळी स्वतःहून मोडू नका, कुणाला फोन करायचा. ते वाचून मला पहिल्यांदा समजलं की तोंडपाठ असलेल्या त्या अभ्यासात बायको नेमकं काय करत होती. ती काहीतरी शोधत होती असं मी समजत होतो. ती चार वर्षं स्वतःला शोधण्यापासून अडवत होती.

हे मला पंचाकडून समजावं याचा इतका संताप आला की मी पेपर चुरगळला. मग परत सरळ केला, कारण घरात एकच प्रत येते आणि तिने वाचलेला नव्हता.

६ ऑक्टोबर, शनिवार

आज केंद्राच्या माणसांची सभा होती, शेजारच्या शाळेच्या हॉलमध्ये. जे राहिलेत आणि जे सोडून गेलेत, दोघांनाही बोलावलं होतं. संपादकांचा हुकूम होता की मी हजर राहायचं. मागच्या रांगेत बसायचं ठरवून गेलो. हॉलमध्ये मागची रांग आधीच भरली होती, म्हाताऱ्यांना दाराजवळ बसायला आवडतं. मला पुढे बसावं लागलं.

बायकोने सगळं सांगितलं. पंच माईक घेऊन प्रश्नकर्त्यांपर्यंत जात होता, स्वतः एक शब्द बोलला नाही. शिंपीमामांची बायको आली होती. मग कुणीतरी विचारलं, "ते लिहिणारे कोण?"

मी उभा राहिलो. "मी."

मी माफी मागितली. तयार करून आणली होती, चांगली होती. पण तिच्या मध्यावर टेलिफोनवाल्या बाईंनी हात वर केला आणि पंच माईक घेऊन त्यांच्याकडे गेला. त्या म्हणाल्या, "तुम्ही डॉक्टरबाईंचे यजमान ना?"

"हो."

"एकाच घरात राहता?"

"हो."

"मग छापायच्या आधी विचारलंत का नाही त्यांना?"

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मी आयुष्यभर प्रश्न विचारून पोट भरलंय, आणि हा मला कुणी कधी विचारला नव्हता. पंचाने माईक माझ्यापुढे धरला. मी म्हणालो, "कारण मला वाटलं, मला माहीत आहे." हे मी तयार करून आणलेलं नव्हतं.

बाईंनी मान हलवली, जशी एखाद्या खराब लाइनवर अखेर आवाज आल्यावर हलवत असतील. मग त्या बायकोला म्हणाल्या, "मी येणार हो पुढच्या शनिवारी." त्यांच्यामागून आणखी काही हात वर गेले. सगळे नाही. बायको हात मोजत नव्हती, खाली बघत होती.

बाहेर आल्यावर पंच म्हणाला, "सर, माझाही घोळच झाला असता. मलाही आधी तेच वाटलं होतं. ताईंनी परत परत सांगायला लावलं म्हणून वाचलो." त्याला मला धीर द्यायचा होता. मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. या माणसात वाईट असं काहीच नाही, आणि ते फार जड जातं.

१९ ऑक्टोबर, शुक्रवार

समितीचा निर्णय आला. अभ्यास बंद.

बायको दुपारी दोनलाच घरी आली. अशा वेळी ती कधी येत नाही. चपला काढल्या आणि थेट माझ्या खोलीत येऊन समोरच्या खुर्चीवर बसली. मी लिहीत होतो, पेन खाली ठेवलं.

ती सांगायला लागली. उरलेल्यांतले कोण गोळी मोडत होते, कोण नव्हते, हे आता खात्रीने सांगता येत नाही. आणि ज्यांच्याबद्दल खात्री नाही त्यांच्या आकड्यांवरून उद्या कुणाची तरी गोळी अर्धी करायची, हे चालणार नाही. समितीचं बरोबर आहे. ती त्यांच्या जागी असती तर तिनेही हेच केलं असतं. मग तिने पहिल्या वर्षाचं सांगितलं, माणसं मिळत नव्हती तेव्हा ती देवळाबाहेर, बँकेत पेन्शनच्या रांगेत जाऊन कशी विचारत असे. ते आजोबा, पाकीट घेऊन आलेले, ते म्हणाले होते की हे पाकीट मी रोज उशाशी ठेवतो, म्हणजे बायकोला वाटतं माझी कुणीतरी काळजी घेतंय. मी म्हणालो होतो तसं काही नव्हतं. मध्ये ती रडली. मध्ये तिने पाणी मागितलं. मी आणलं आणि पुन्हा येऊन बसलो. मी एकदाही बोललो नाही.

ऊन खिडकीतून निघून गेलं तरी ती बोलत होती. शेवटी म्हणाली, "हे छापायचं नाही."

"नाही."

ती उठली आणि बाल्कनीत गेली. पंचाला फोन लावला. दार उघडंच होतं.

"बंद केलं त्यांनी," ती म्हणाली. "नंतर बोलू."

एवढंच. दोन वाक्यं. मला सांगायला तिला अख्खी दुपार लागली होती, आणि त्याला दोन वाक्यं.

तिची चार वर्षं गेली. शिंपीमामांचा हात अजून वर येत नाही. आणि मी इथे खुर्चीत बसून ती दोन वाक्यं ऐकली तेव्हा मला आनंद झाला.